कधीच एकत्र न वाजलेले गाणे

बीटल्सचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे गाणे फेब्रुवारी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. हेडफोन लावून, एक डोळा घड्याळावर ठेवून ते ऐकले, तर साधारण एक मिनिट उलटल्यावर गाण्याचा पोत बदललेला जाणवतो. तोवर गिटार, मेलोट्रॉन (कळ दाबली की आतली टेप वाजवणारे वाद्य) आणि हलका ठेका यांच्या साथीने चाललेले गाणे जड होते, चेलो आणि ट्रम्पेट आत शिरतात आणि जॉन लेननचा आवाज अर्धवट झोपेत बोलणाऱ्या माणसासारखा घट्ट वाटू लागतो. त्या ठिकाणी टेप कापून जोडलेली आहे. जोडाच्या अलीकडचे गाणे नोव्हेंबर १९६६ मध्ये मुद्रित झाले आणि पलीकडचे डिसेंबरमध्ये, आणि दोन्ही वेळी पट्टीही वेगळी होती आणि लयही. म्हणजे आपण जे गाणे म्हणून ऐकतो, ते त्या रूपात लेनन कधीही गायलेला नाही आणि ते वादक कधीही तसे वाजवत बसलेले नाहीत.

रॉक संगीताचा इतिहास सांगताना मैफिली आणि गर्दीचे महोत्सव हमखास आठवतात. माझ्या मते मात्र या संगीतातले सर्वांत मोठे स्थित्यंतर एका यंत्रासमोर, बंद खोलीत घडले. ध्वनिमुद्रण ही मैफिलीची नोंद न राहता स्वतंत्र रचना झाली, आणि ती कशी झाली हे समजायला टेप म्हणजे काय एवढे नीट कळले तरी पुरते.

टेप येण्यापूर्वी आवाज थेट तबकडीवर कोरला जात असे. गायक, वादक, सगळे एकाच वेळी ध्वनिग्राहकासमोर उभे राहत, सुई मेणाच्या किंवा लाखेसारख्या थरावर खाच पाडत जाई आणि शेवटच्या कडव्यात एखादा सूर घसरला, तर पहिल्यापासून नवी तबकडी घ्यावी लागे. आपल्या जुन्या नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका तीन-सव्वातीन मिनिटांत आटोपतात, त्याचे कारणही तबकडीच्या एका बाजूवर तेवढीच जागा असे. खाच पडली की पडली, ती पुसता येत नव्हती आणि कापून दुसरीकडे जोडताही येत नव्हती.

जर्मनीतील एईजी या कंपनीने मॅग्नेटोफोन नावाचे टेपयंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडले. युद्ध संपल्यावर जॅक मुलिन या अमेरिकी लष्करातील अभियंत्याने तशी दोन यंत्रे सुटी करून मायदेशी पाठवली आणि १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे प्रात्यक्षिक दाखवले. बिंग क्रॉस्बी हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय गायक रेडिओवरील कार्यक्रम दर वेळी प्रत्यक्ष सादर करण्याला कंटाळला होता. त्याने या यंत्रात आपली सोय ओळखली आणि अॅम्पेक्स या छोट्या अमेरिकी कंपनीत ५० हजार डॉलर गुंतवले. तिथून टेपयंत्रे अमेरिकी स्टुडिओंत पोचली.

टेप म्हणजे प्लास्टिकची लांब, अरुंद फीत. तिच्या एका बाजूला लोहाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक भुकटी लेपलेली असते. आवाजाचे ध्वनिग्राहकात विजेच्या लहरींत रूपांतर होते, त्या लहरी एका छोट्या विद्युतचुंबकातून जातात आणि समोरून सरकणाऱ्या भुकटीचे कण त्या चढउतारांनुसार कमीजास्त चुंबकित होतात. तीच फीत पुन्हा तशाच दुसऱ्या चुंबकासमोरून सरकवली की कणांमुळे त्याच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती कर्ण्यापर्यंत नेली की मूळ आवाज ऐकू येतो. या छोट्या चुंबकांना हेड म्हणतात. फितीच्या वाटेवर अशी तीन हेड ओळीने असतात, आधी पुसणारे, मग लिहिणारे आणि शेवटी वाचणारे. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढच्या अनेक करामती या तीन हेडच्या जागा बदलण्यातून किंवा त्यांच्यामधल्या अंतरातून निघालेल्या आहेत.

पहिली मोठी करामत लेस पॉल या गिटारवादकाची. क्रॉस्बीकडूनच त्याला एक अॅम्पेक्स यंत्र मिळाले होते. त्याने पुसणाऱ्या हेडच्याही अगोदर आणखी एक वाचणारे हेड बसवले. आता फीत पुसली जाण्यापूर्वी तिच्यावरचे जुने वादन वाचले जाई, त्यात लेस पॉल नवे वादन मिसळी आणि दोन्हींचे मिश्रण पुढच्या हेडने त्याच फितीवर लिहिले जाई. असे पुन्हा पुन्हा करत एकटा माणूस गिटारचा अख्खा ताफा उभा करू शके आणि त्याची पत्नी मेरी फोर्ड स्वतःच्याच आवाजाला स्वतःच साथ देऊ शके. या पद्धतीने केलेले त्यांचे ‘हाऊ हाय द मून’ १९५१ मध्ये अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. यातला धोका मात्र जीवघेणा होता. प्रत्येक नव्या थरासोबत जुना पुसला जात असल्यामुळे दहाव्या थराला हात चुकला, तर आधीचे नऊही गेले.

यावर उपाय म्हणजे फितीच्या रुंदीवर समांतर मार्ग आखणे आणि प्रत्येक मार्गावर वेगळे वाद्य लिहिणे. हा मार्ग म्हणजे ट्रॅक. पण त्यात एक अडचण होती. आधी मुद्रित झालेल्या ट्रॅकवरचा ठेका ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर गायचे, तर तो ठेका वाचणाऱ्या हेडकडून ऐकावा लागतो आणि नवा आवाज लिहिणाऱ्या हेडने लिहिला जातो. दोन हेडमध्ये समजा पाच सेंटिमीटर अंतर आहे आणि फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने पळते आहे, तर नवा आवाज फितीवर सुमारे ०.१३ सेकंद मागे पडतो. एवढ्याने गाणे बेताल होते. अॅम्पेक्सच्या अभियंत्यांनी तोडगा काढला तो असा, की आधीचा ट्रॅक ऐकवण्यापुरते लिहिणाऱ्या हेडनेच वाचण्याचे काम करायचे, म्हणजे वाचन आणि लेखन एकाच रेषेवर होईल. या सोयीसह आठ ट्रॅकचे यंत्र १९५७ मध्ये लेस पॉलच्या घरी पोचले.

गंमत अशी, की जे अंतर लेस पॉलला अडसर वाटत होते, तेच मेम्फिसमधल्या सॅम फिलिप्सने अलंकार म्हणून वापरले. त्याच्या सन स्टुडिओत गायकाचा आवाज दुसऱ्या यंत्रावर लिहिला जाई, तिथल्या वाचणाऱ्या हेडकडून किंचित उशिराने परत येई आणि मूळ आवाजात मिसळला जाई. जुलै १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीने ज्या खोलीत आपले पहिले व्यावसायिक गाणे मुद्रित केले, ती खोली लहानच होती. पण सनच्या ध्वनिमुद्रिकांत तो आवाज एखाद्या रिकाम्या दगडी दालनातून आल्यासारखा वाटतो, आणि रॉक-अँड-रोलचा म्हणून जो आवाज आपल्या कानात बसला आहे, त्याचा मोठा भाग दोन हेडमधल्या त्या काही सेंटिमीटरांचा आहे.

आता लंडन. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात बीटल्सने अॅबे रोडवरील ईएमआय स्टुडिओत आपल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी मुद्रित केली. यंत्र दोन ट्रॅकचे होते, एका ट्रॅकवर आवाज आणि दुसऱ्यावर वाद्ये. लेननला सर्दी झाली होती, म्हणून सर्वांत घसा फाडणारे गाणे शेवटी ठेवले आणि त्याचा पहिलाच प्रयत्न अल्बमवर घेतला, कारण दुसऱ्यासाठी घसा उरला नव्हता. हे मुद्रण म्हणजे मैफिलीचे छायाचित्र होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांना चार ट्रॅकचे यंत्र मिळाले, आणि पुढच्या चार वर्षांत या चौघांनी निर्माते जॉर्ज मार्टिन आणि स्टुडिओतील तंत्रज्ञ यांच्या साथीने जे केले, ते जवळजवळ सगळे या चारच ट्रॅकवर केले.

चार ट्रॅक भरले आणि आणखी वाद्ये हवी असली, तर काय करायचे? चारही ट्रॅक मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एकदोन ट्रॅकवर उतरवायचे, म्हणजे तिथे बाकीचे मोकळे मिळतात. यात दोन गोष्टी गमवाव्या लागत. प्रत्येक प्रतीसोबत फितीची खरखर वाढे. आणि एकदा ढोल, गिटार, बास एकत्र उतरवले की ‘ढोल जरा कमी करा’ असे पुढे कधीही म्हणता येत नसे. भाजीत मीठ पडले की काढता येत नाही, तसेच हे. मला वाटते की त्या ध्वनिमुद्रिकांतला ठामपणा यातूनच आला आहे, कारण पुढचा थर चढवण्याआधी मागच्या थराविषयी पक्का निर्णय घेणे त्यांना भागच होते.

एप्रिल १९६६ मधील दोन आठवडे मला या सगळ्या कथेतले सर्वांत विलक्षण वाटतात. ६ एप्रिलला ‘टुमॉरो नेव्हर नोज’ सुरू झाले. हे गाणे जवळजवळ संपूर्ण एकाच षड्जावर उभे आहे आणि त्याच्या मुळाशी तंबोरा आहे. लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. तेव्हा अवघ्या वीस वर्षांच्या जेफ एमरिक या ध्वनिमुद्रकाने तो हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या कर्ण्यातून काढून पुन्हा मुद्रित केला. दुसऱ्या दिवशी बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनीच्या घरी केलेली टेपची कडी आणली गेली. टेपचा तुकडा कापून त्याची दोन टोके जोडली की कडे तयार होते आणि ते यंत्रावर चढवले की तोच आवाज अखंड फिरत राहतो. अशी पाच कडी इमारतीतल्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती. फीत ताणलेली राहावी म्हणून लोक तिच्यात पेन्सिल धरून उभे होते, आणि मिक्सिंगच्या टेबलावरचे दांडे वरखाली करून कोणते कडे केव्हा ऐकू यावे हे त्या क्षणी ठरवले जात होते. समुद्रपक्ष्यांच्या ओरडण्यासारखा जो आवाज त्यात येतो, ते वेग वाढवलेले हसणे आहे. इथे मिक्सिंगचे टेबलच वाद्य झाले होते आणि ते जसे वाजले, तसे ते पुन्हा वाजवता येणार नव्हते.

याच दिवसांत तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी आणखी एक युक्ती काढली. गायकाने तीच ओळ दोनदा गाऊन दोन्ही आवाज एकत्र केले, तर आवाज भरदार वाटतो. दुहेरी सुरांची पेटी एकेरी पेटीपेक्षा भरीव वाजते, कारण दोन सूर अगदी किंचित वेगळे असतात, तसेच हे आहे. लेननला मात्र प्रत्येक ओळ दोनदा गाण्याचा कंटाळा होता. टाउनसेंड यांनी त्याचा एकच आवाज दुसऱ्या यंत्रावर घेतला, त्या यंत्राचा वेग सूक्ष्मपणे हलता ठेवला आणि तो मूळ आवाजाला जोडला. दुसऱ्या गायनाची गरज उरली नाही.

आणि ११ एप्रिलला बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यासाठी लंडनमधील एक तबलावादक स्टुडिओत आला. ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमच्या वेष्टनावर त्याचे नाव छापलेले आहे, अनिल भागवत. बाहेरच्या वादकाचे नाव छापण्याची त्या काळी रीत नव्हती. वेष्टनावर ते नाव वाचताना मराठी वाचकाची नजर थबकते आणि गाण्यातला तबला अधिक कान देऊन ऐकावासा वाटतो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील मैफिलीनंतर बीटल्सने दौरे थांबवले. मैफिलीत वाजवून दाखवण्याचे बंधन गेले आणि नोव्हेंबरात ते ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ घेऊन स्टुडिओत आले. आता त्या सुरुवातीच्या जोडाकडे परत येऊ. लेननला पहिल्या रूपाचा आरंभ आवडला होता आणि चार ट्रम्पेट व तीन चेलोंसह केलेल्या दुसऱ्या रूपाचा पुढचा भाग. दोन्ही जोडावेत अशी त्याची मागणी होती. पहिले रूप संथ आणि खालच्या पट्टीत होते, दुसरे द्रुत आणि वरच्या पट्टीत.

इथे टेपचा एक गुणधर्म कामाला आला. समजा एखादा सूर फितीच्या ३८ सेंटिमीटरांत ४४० लहरींच्या रूपात लिहिलेला आहे. फीत मूळ वेगाने चालली तर सेकंदाला ४४० लहरी निघतात आणि वेग सहा टक्के वाढवला तर साधारण ४६६. पेटीवर पांढरी एकवरून काळी एकवर जावे, तेवढा हा फरक आहे. पण वेग वाढल्याने केवळ सूर चढत नाही, ठोकेही त्याच प्रमाणात जवळ येतात आणि लयही वाढते. टेपवर पट्टी आणि लय एकमेकींना बांधलेल्या असतात, एक बदलावी आणि दुसरी तशीच राहावी हे शक्य नसते. एरवी हा अडथळाच ठरला असता. या ठिकाणी मात्र जे रूप खालच्या पट्टीत होते तेच संथही होते, म्हणून पहिल्याचा वेग थोडा वाढवला आणि दुसऱ्याचा थोडा कमी केला, तेव्हा दोन्हींची पट्टी आणि लय एकाच वेळी जुळली. २२ डिसेंबर १९६६ ला मार्टिन आणि एमरिक यांनी हा जोड दिला. उत्तरार्धातला लेननचा जड आवाज म्हणजे वेग कमी केलेल्या फितीचा परिणाम आहे. गाण्यात मधून मधून जी झंकारत उतरणारी स्वरांची ओळ येते, ते हॅरिसनने छेडलेले स्वरमंडळ आहे.

पुढच्या फेब्रुवारीत ‘अ डे इन द लाइफ’साठी चाळीस वादक बोलावले गेले. गाण्यात २४ आवर्तने रिकामी सोडलेली होती. प्रत्येक वादकाने आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरापासून निघून शेवटी वरच्या सुराला पोचायचे, पण शेजाऱ्याच्या चालीने जायचे नाही, अशी सूचना होती. आयुष्यभर एकमेकांशी जुळवून वाजवण्याचे शिक्षण घेतलेल्या वादकांना ती विचित्र वाटली असणार. हे वादन चार वेळा मुद्रित करून एकावर एक ठेवले. त्यासाठी चार ट्रॅक अपुरे होते, म्हणून टाउनसेंड यांनी पहिल्या यंत्रावर ५० हर्ट्झचा एक सूर मुद्रित केला आणि त्यावर दुसऱ्या यंत्राची मोटर चालवली, म्हणजे दोन्ही यंत्रे बरोबरीने धावतील. शेवटचा पियानोंचा एकत्र आघात चाळीस सेकंदांहून अधिक काळ विरत राहतो, कारण सूर मावळत असताना ध्वनिमुद्रक दांडे वर वर नेत होता. कान देऊन ऐकले तर अखेरीस स्टुडिओतल्या खुर्चीची करकर ऐकू येते.

अमेरिकेत बीच बॉइजचा ब्रायन विल्सन याच वाटेने चालला होता. ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे साडेतीन मिनिटांचे गाणे त्याने १९६६ मध्ये काही महिने, वेगवेगळ्या स्टुडिओंत, तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करून जोडले.

या प्रवासात मुंबईही येते. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला होता, आणि तिथेच १२ जानेवारीला ‘द इनर लाइट’ या गाण्याची वाद्यसंगत भारतीय वादकांकडून मुद्रित झाली. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते, सरोदवर आशिष खान. हॅरिसनचा आवाज मात्र फेब्रुवारीत लंडनमध्ये चढवला गेला. मार्चमध्ये हे गाणे ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला प्रसिद्ध झाले. फोर्टातल्या खोलीत वाजलेली बासरी आणि हजारो किलोमीटर दूर, काही आठवड्यांनी उमटलेला आवाज यांची भेट फक्त फितीवर झाली.

त्यानंतर ट्रॅक आठ झाले, सोळा झाले, चोवीस झाले. पिंक फ्लॉइडने १९७३ च्या ‘मनी’साठी नाण्यांचा, फाटणाऱ्या कागदाचा, गल्ल्याच्या यंत्राचा असे आवाज मोजून कापलेल्या फितींनी जोडले आणि त्यांचे कडे केले. त्याच्या सात मात्रा आहेत, रूपकाच्या असतात तेवढ्याच, ठेका मात्र निराळा. टेनसीसी या बँडने १९७५ मध्ये ‘आयम नॉट इन लव्ह’साठी तिघांकडून एकेक सूर सोळा वेळा गाऊन घेतला. प्रत्येक सुराला ४८ आवाज, असे तेरा सुरांचे ६२४ आवाज कड्यांवर फिरते ठेवून त्यांनी मिक्सिंगच्या टेबलावर ते सुरावटीसारखे वाजवले.

त्याच वर्षी क्वीनचे ‘बोहेमियन रॅप्सडी’ आले. त्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमधील पारशी घरातला फारुख बलसारा, आठव्या वर्षी शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला होता आणि तिथेच द हेक्टिक्स या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. ‘रॅप्सडी’च्या मधल्या ऑपेराच्या भागात जो विशाल समूह गातो, तो मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचाच आहे. दिवसाचे दहा-बारा तास ते गात राहिले आणि आवाजांवर आवाज चढत गेले. चोवीस ट्रॅकही पुरेनात, म्हणून प्रतीवर प्रत काढावी लागली. फीत हेडवरून इतक्या वेळा घासून गेली, की तिच्यावरची भुकटी झिजून ती उजेडात धरली तर आरपार दिसू लागली होती, असे मे यांनी सांगितले आहे.

हे गाणे मैफिलीत कसे गायचे, हा प्रश्न मग उभा राहिला. तीन माणसांना तो समूह रंगमंचावर उभा करता येणार नव्हता. क्वीनने तसा आव आणला नाही. मैफिलीत सुरुवातीचा पियानोवरचा भाग मर्क्युरी गात असे, आणि ऑपेराचा भाग आला की चौघेही वादक आत निघून जात, रिकाम्या रंगमंचावर फक्त प्रकाश खेळत राही आणि हजारो श्रोत्यांसमोर टेप वाजत असे. तो भाग संपून गिटारचा तडाखा सुरू होण्याच्या क्षणाला चौघे पुन्हा धावत बाहेर येत.